काठोकाठ भरलेली वाटी

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका नगरात एक न्यायाधीश राहत होता. माणूस हुशार आणि सरळ. पण त्या नगराची एक रीत मोठी विचित्र होती. न्यायाधीशानं रस्त्यानं पायी चालायचं नाही! वाटेत कोणी गाठून त्याच्या कानाला लागू नये, म्हणून घर ते कचेरी पडदे लावलेल्या मेण्यातून जायचं. म्हणजे घरी बसायचं, मेण्यात बसायचं आणि कचेरीत जाऊन पुन्हा बसायचं.

कचेरीत दिवसभर भांडणं. याची म्हैस त्याच्या शेतात शिरली, त्यानं याचा बांध कोरला, सासू सुनेला काय म्हणाली आणि सून सासूला काय म्हणाली. भांडणं मिटायची, लोक घरी जायचे, पण त्यांचा राग न्यायाधीशाच्या मानेत आणि खांद्यांत मुक्कामाला राहायचा. घरी आला की आमटीत मीठ कमी म्हणून ओरडायचा, दार करकरलं म्हणून ओरडायचा. झोप तर केव्हाच उडाली होती.

एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, गावाची भांडणं पोटात घेऊन नुसते बसून राहता. ती बाहेर पडणार कुठून? लग्नाआधी तालमीत जायचात ना? पहाटे उठा, परसात नमस्कार घाला आणि मागच्या पायवाटेनं टेकडी चढून या. त्या वेळी तिथं चिटपाखरूही नसतं."

न्यायाधीशानं कुरकुरत ऐकलं. सुरुवातीला पोटऱ्या अशा भरून आल्या की मेण्यात चढताना तो कण्हायचा आणि भोई तोंड फिरवून हसायचे. पण त्यानं नेम मोडला नाही. हळूहळू झोप लागू लागली, मान मोकळी झाली, आमटीला नावं ठेवणं बंद झालं. बायकोनंही सुटकेचा निःश्वास सोडला.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नगराचं धान्याचं कोठार जळालं.

पावसाळा तोंडावर आलेला आणि वर्षाचं धान्य राख झालेलं. लोक खवळले. कोठारात धान्य पाखडायला येणारी सगुणा नावाची एक बाई त्या वेळी आत होती. "हिच्याच पणतीनं आग लागली," असं कोठाराचा पहारेकरी छातीठोकपणे सांगू लागला. आरोप खरा ठरला तर शिक्षा ठरलेली होती, हद्दपारी. सगुणाला घरी एक लहान लेक सोडून कोणी नव्हतं. नगराबाहेर घनदाट रान, त्यात पावसाचे दिवस. मायलेकी त्यातून जगतील असं कोणालाच वाटत नव्हतं.

न्यायाधीशाची झोप पुन्हा उडाली. पहाटे बायकोनं हाक मारली, तर तो वसकन अंगावर आला. "गाव उपाशी मरायची वेळ आलीय आणि मी टेकड्या चढू? वेळ कुठाय?"

"वेळ नाही म्हणूनच जा म्हणतेय," बायको म्हणाली. पण ऐकतो कोण!

नेम सुटला. उजाडल्यापासून तो कचेरीत बसू लागला. डोकं ठणकायचं, कानांत नुसती धडधड. बाहेर लोक ओरडत, "हाकला तिला!" आत पहारेकरी सांगत होता, "सरकार, धूर दिसला तसा मी धावलो. दाराची कडी काढली आणि जिवावर उदार होऊन हिला बाहेर ओढलं!" लोकांनी वाहवा केली. सगुणा धुरानं बसलेल्या आवाजात एवढंच म्हणत होती, "मी पणती लावलीच नव्हती." न्यायाधीशाला तिचा तो घोगरा आवाजही सहन होईना. एकदाचं हे प्रकरण संपावं, एवढंच त्याला वाटत होतं.

निकालाचा दिवस आला. त्या नगरात निकाल सांगताना न्यायाधीशानं काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी तळहातावर धरायची असे. थेंब जरी सांडला, तरी त्या दिवशी निकाल द्यायचा नाही. रागावलेल्या हाताचा न्याय नको, हे पूर्वजांनी पुरतं ओळखलं होतं.

न्यायाधीशानं वाटी उचलली. पाणी काठावर थरथरू लागलं. त्यानं घाईघाईनं वाटी खाली ठेवली.

बाहेरून एक दगड दारावर आदळला. कारकून कानाशी वाकला. "सरकार, वाटी जरा कमी भरतो. एवढ्या लांबून कोणाला दिसतंय? आज निकाल झाला नाही, तर लोक कचेरी पेटवतील."

न्यायाधीशानं नजर दुसरीकडे वळवली. कारकुनानं हळूच अर्धं पाणी ओतून टाकलं. आता सांडायची भीती नव्हती. न्यायाधीशानं हात पुढे केला, आणि त्याचं लक्ष सगुणाकडे गेलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती वाटीकडे बघत होती. तिनं सगळं पाहिलं होतं, आणि तरीही ती गप्प होती.

न्यायाधीशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुन्हा भर," तो कारकुनाला म्हणाला.

भरलेली वाटी त्यानं सगळ्यांसमोर उचलली. हात लटपटला, पाणी मनगटावरून बाहीत गेलं. "आज निकाल नाही," एवढं बोलून तो उठला आणि बाहेर येऊन मेण्याकडे न जाता तडक टेकडीकडे चालू लागला.

लोक मागे लागले. "कोठार जळालं आणि हा डोंगर चढतोय!" पण चढ असा उभा की शिव्या देणाऱ्यांना शिव्यांपुरताही श्वास उरेना. एकेक जण मागे बसला. न्यायाधीश मात्र चढत राहिला. आधी तो लोकांवर चिडला, मग पहारेकऱ्यावर, मग स्वतःवर. मग घाम इतका आला की चिडायचं राहूनच गेलं. माथ्यावर पोहोचला तेव्हा छाती धपापत होती, पण कानांतली धडधड थांबली होती. आणि कितीतरी वेळा ऐकलेलं एक वाक्य त्याला प्रथमच नीट ऐकू आलं.

'दाराची कडी काढली.'

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं पहारेकऱ्याला शांतपणे विचारलं, "कडी बाहेरून लावलेली होती ना? मग आतल्या बाईनं ती कशी लावली?"

पहारेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी त्यानं रडत कबूल केलं, की तोच आत पोत्यांना टेकून चिलीम ओढत होता. निखारा पोत्यांवर पडला. घाबरून, आत कोण आहे हेही न बघता, त्यानं बाहेरून कडी घातली आणि पळू लागला. आतून खोकला ऐकू आला तेव्हा कडी काढली आणि आळ सगुणावर घातला.

न्यायाधीशानं वाटी उचलली. थेंबही न सांडता त्यानं सगुणा निर्दोष असल्याचं सांगितलं आणि कोणाचाच जीव जायला नको म्हणून हद्दपारीऐवजी जळालेलं कोठार नव्यानं बांधून द्यायची शिक्षा पहारेकऱ्याला दिली. सगुणा लेकीकडे धावत सुटली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना न्यायाधीशाच्या अंगावर काटा आला. त्याच्या मनात पाप नव्हतं. तरी नुसत्या आखडलेल्या मानेनं आणि तापलेल्या डोक्यानं त्यानं दोन जीव रानात धाडले असते.

काही दिवसांनी भल्या पहाटे कारकून धापा टाकत त्याच्या दारात आला. "सरकार, लवकर चला, फार मोठं प्रकरण आहे!"

"फार मोठं आहे ना?" न्यायाधीश धोतर खोचत म्हणाला. "मग आधी टेकडी चढून येतो."

तात्पर्य काय, तर व्यायाम हा रिकाम्या वेळेचा उद्योग नव्हे. ज्या दिवशी व्यायामाला वेळ नाही असं वाटतं, त्याच दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज असते.