सोळा स्क्रूंची कमान

“...अजून किती घट्ट करू, उस्ताद? एकेका चाकाला सोळा स्क्रू मारलेत.”

इलाही शिकलगार उस्ताद पिकअपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. ते काही बोलले नाहीत.

त्यांना राग आला की ते आधी गप्प होतात. माझं नट-बोल्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागूनच आहे. मधे एकच भिंत, तीही चार इंची. तीस वर्षं मी त्यांचा राग त्या भिंतीतून ऐकतोय, त्यामुळे त्यांचं गप्प होणंही मला ऐकू येतं. त्या दिवशी तर मी गॅरेजातच उभा होतो.

विचारणारा धैर्यशील. सात वर्षं उस्तादांच्या हाताखाली शिकला, आणि दोन वर्षांपूर्वी उचगाव रस्त्याला त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. डोंगरात, चिखलात गाड्या पळवण्याच्या शर्यती असतात ना, त्यासाठी तो गाड्या उंच करून, रुंद टायर घालून देतो. हात चांगला आहे त्याचा. फक्त तो हात चांगला आहे हे त्यालाही कळलंय.

ही पिकअप गायत्री पाटणकरांची. पन्हाळ्याच्या अंगाला त्यांची रोपवाटिका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः ही गाडी शर्यतीत दगडांच्या उतारावरून खाली आणणार होत्या. चार वाजता न्यायला येणार. पण उस्तादांनी बघितली असेल तरच नेईन, असं त्यांनी धैर्यशीलला बजावलं होतं. म्हणून तो तीन वाजता गाडी घेऊन आला होता. उन्हाचा, घाईघाईनं.

अडचण होती फ्लेअरची. चाकावरच्या कमानीला बाहेरून जी रुंद काळी प्लास्टिकची कड बसवतात, ती फ्लेअर. टायर मोठे घातले की ते तिला घासतात, मग ती खालून कापावी लागते. आणि कापली की कंपनीनं दिलेल्या अडकवायच्या खाचाही त्या तुकड्याबरोबर जातात. उरलेलं टोक मोकळं सुटतं, वाऱ्यात फडफडतं. धैर्यशीलनं ते टोक स्क्रूंनी जखडलं होतं. चकचकीत गोल डोक्यांची सोळाची रांग, सगळ्या खाचा एका दिशेला.

“फोटोत कसलं दिसतंय माहितीये?” तो मला म्हणाला. “चार जणांचे फोन आलेत, आम्हाला पण असंच पाहिजे म्हणून.”

उस्तादांनी एका स्क्रूवर बोट ठेवलं.

“हे किती लांब?”

“दोन इंची.”

“ह्याला दोन इंची कुणी दिले?”

“मी दिले,” मी म्हटलं. “त्यानं मागितले.”

“उद्या इख मागंल, ते बी देशील?”

खरं सांगायचं तर गिऱ्हाईक नेहमी एक माप वरचंच मागतं, कमी पडू नये म्हणून, आणि मी कधी अडवत नाही. एकानं फळी ठोकायला चार इंची नेले होते, त्यांची टोकं पलीकडच्या घरात देव्हाऱ्यात निघाली. शेजारीण भांडायला आली ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. तेव्हापासून मी फळीवाल्यांना विचारतो. गाडीवाल्यांना विचारत नाही, ते चिडतात.

“स्क्रू मारलेस तवा चाक कुठं हुतं?” उस्तादांनी विचारलं.

“जॅकवर. गाडी उचलल्याशिवाय हात कसा जाणार आत?”

“आन् उद्या गाडी जॅकवर पळणार?”

धैर्यशीलचा चेहरा लाल झाला.

“उस्ताद, नुसतं फ्लेअर घट्ट बसलंय का तेवढं बघा. ओढून बघा, लोंबकळा पाहिजे तर. हालत असंल तर मी हे काम सोडतो.”

“हालत न्हाई.”

“मग?”

...

उस्ताद उठले. कोपऱ्यातले दोन चौकोनी दगड त्यांनी स्वतः ओढत आणले आणि चाकासमोर एकावर एक रचले. गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि पुढचं डावं चाक हळूहळू त्या दगडांवर चढवलं.

गाडी एका अंगाला कलली. जॅकवर असताना चाक खाली लोंबतं, टायर आणि कमानीत वीतभर फट राहते. आता चाक वर दाबलं गेलं होतं आणि फट उरली होती तळहाताएवढी.

“हात घाल,” उस्ताद आतून म्हणाले.

“कुठं?”

“टायरच्या आन् फ्लेअरच्या मधी. तळवा फ्लेअरकडं.”

“कशाला?”

“सोळा मारलेत न्हवं? मोज.”

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यानं दात आवळले आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

उस्तादांनी स्टेअरिंग वळवायला सुरुवात केली. अगदी सावकाश, एका बोटानं वळवल्यासारखं. टायरचा मागचा काठ हाताला टेकला, मग हात फ्लेअरकडे ढकलायला लागला.

“थांबा.”

स्टेअरिंग थांबलं नाही.

“ओ, थांबा म्हणतोय ना.”

त्यानं हात खेचून बाहेर काढला. तळव्यावर एका रेषेत चार लाल ठिपके उमटले होते. मधल्या दोहोंतून रक्त यायला लागलं.

उस्तादांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत.

मी वाकून आत डोकावलो. बाहेरून चकचकीत गोल डोकी, आणि आत सोळा टोकं. सगळी टायरकडे तोंड करून.

...

“टोकं उडवतो,” धैर्यशील म्हणाला. “ग्राइंडर द्या. वीस मिनिटांत होईल.”

“घे. तिथं हाय.”

तो ग्राइंडरपर्यंत गेला. वायर सोडवली, पिन लावली. मग तसाच उभा राहिला.

“उडवून जमणार नाही,” तो म्हणाला. आवाज चिडलेलाच होता. “थोटकी राहतीलच. दगडावर चाक याच्याहून वर दाबलं जाईल.”

उस्ताद समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते.

“सगळे काढायला पाहिजेत. बोल्ट घालायचे, सपाट डोकं आत, नट बाहेर. घाणेरडं दिसंल.” तो थांबला. “आणि ह्याची तर चाळण झालीय, भोकं परत पाडायची तर नवीन फ्लेअर लागणार. आज मिळत नाही.”

त्याचा फोन वाजला. हाताला रक्त होतं म्हणून त्यानं फोन बोनेटवर ठेवून स्पीकर लावला.

“निघाले मी,” गायत्रीताई म्हणाल्या. “तयार आहे ना?”

“नाही, ताई. आज मिळणार नाही.”

“म्हणजे? दुपारी तुम्हीच म्हणालात, उस्तादांनी बघून पास केली.”

मी उस्तादांकडे बघितलं. ते जागचे हलले नाहीत.

“खोटं बोललो.”

“तुम्हाला कळतंय का, सहा महिने मी ह्या उद्यासाठी थांबलेय? आता काय चालवू मी?”

“नका चालवू. मी सांगतोय, नका चालवू. टायर फाटेल.”

“आणि हे तुम्ही आत्ता सांगताय.”

“आत्ताच कळलं.”

फोन बंद झाला. त्यानं तो उचलला नाही. खिशातलं फडकं हाताला गुंडाळलं, दातांनी गाठ ओढली, आणि गाडीच्या दारापाशी येऊन उभा राहिला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

“तोंडानं सांगता आलं असतं,” तो म्हणाला. “सात वर्षं काम केलंय तुमच्याकडे. स्क्रू उलटे मारलेस म्हणाला असता तर कळलं नसतं मला? हात कशाला घालायला लावला?”

उस्ताद दार उघडून खाली उतरले. त्याच्या बांधलेल्या हाताकडे त्यांनी एकदा बघितलं.

“हात तुझा हुता,” ते म्हणाले, “म्हणून मागं आला. उतारावर ताईंचा टायर मागं आला नसता.”