साच्याचे देणे

बुरुजाची भट्टी पेटल्यापासूनचे ते सत्तेचाळिसावे वर्ष होते. शरद ऋतू संपायला अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी बुरूज विझवला गेला.

त्या राज्यात बुरूज एकच होता आणि सगळे राज्य त्याच्यावर जगत होते. राणी म्हणजे आग. ती बुरुजात राही. तिच्याबरोबर खडे राहत. एकेक खडा रव्याच्या कणाएवढा, पण त्याच्या आत शेकडो खोल्या आणि खोल्यांना अरुंद दारे. बुरूज तापला की तळातून एकटे जीव वाफेसारखे वर येत, खड्यांच्या खोल्यांत शिरत आणि आत एकमेकांचा हात धरत. बाहेर पडताना त्यांची दोघांची जोडी झालेली असे, नाहीतर तिघांची साखळी. या जोड्या-साखळ्यांतून राज्याची दोरी, कापड, भांडी होत. खडा स्वतः कोणाचा हात धरत नसे. तो जागा देई. जागा देणे हे त्याचे काम आणि तोच त्याचा मान. दाराशी आलेल्याला खड्याने नाही म्हटले, असे त्या राज्यात कधी घडले नव्हते.

आता बुरुजाच्या विटा झिजल्या होत्या. जुने खडेही झिजून गेले होते. विटा बदलेपर्यंत, म्हणजे शिशिर लागेपर्यंत, राणी बाहेर राहणार होती. तेवढ्या दिवसांत नवे खडे घडवायचे होते.

घडवण्याची रीत ठरलेली होती. ओल्या मातीच्या मधोमध साचा बसवत आणि भिंती त्याच्या अंगाभोवती उभ्या करत. साचा नसता तर माती खाली बसली असती आणि खोल्या झाल्याच नसत्या. माती घट्ट झाली तरी साचा आतच राही, सगळ्या खोल्या अडवून. खडे त्याला आजा म्हणत. तो काही कामाचा नसे. त्याच्या अंगाला शिळ्या मासळीचा वास येई. आग लागली की तो जळून जाई आणि घर मोकळे होई. मात्र त्याला कोणत्या आगीत पाठवायचे, याचा नियम होता. बुरूज तापलेला असला पाहिजे, काम सुरू होणार असले पाहिजे, आणि निरोप बुरुजाच्या उंबऱ्यावरच दिला पाहिजे. त्याआधी नाही. याला साच्याचे देणे म्हणत. नियम का केला, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

त्या वर्षी चिमटा कारभारी होता. तो दोन्ही बाजूंनी धरी, म्हणून त्याच्यापुढे कोणी बोलत नसे. त्याने विचार केला की उंबऱ्यावर आजे घालवत बसले तर सुरुवातीचा अख्खा दिवस फुकट जातो. त्यापेक्षा आताच पटांगणात लाकडे पेटवावीत, सगळे आजे जाळून टाकावेत आणि राणी येईल तेव्हा तिला पांढऱ्या, मोकळ्या, तयार खड्यांनी भरलेली कोठी दाखवावी. अशी कोठी आजवर कोणत्याच कारभाऱ्याने दाखवली नव्हती.

"राणीपुढं हे म्हातारे घेऊन उभं राहणार का?" चिमट्याने पटांगणात विचारले. "वास तरी बघा."

खडे रांगेत उभे राहिले. दौलू नावाचा खडा शेवटच्या रांगेत पहिला होता. तो काही नियमाला चिकटून बसणारा नव्हता. इतर निघाले म्हणून तोही निघाला. पण त्याची रांग यायच्या आत लाकडे संपली. दुसऱ्या दिवशी तळ्यावरून धुके आले, नवी लाकडे भिजली आणि पेटेनात.

"राहिलेल्यांचं मागाहून बघू," चिमटा म्हणाला. "दारापाशी पडून राहा. राणी आली आणि तुम्ही तयार नसलात, तर राखेचा ढीग लांब नाही."

पांढरे खडे कोठीत आत, स्वच्छ कापडावर ठेवले गेले. शेवटची रांग दारात, फरशीवर राहिली. दौलूला लागूनच, कापडाच्या कडेला, गेनू नावाचा खडा होता. दोघे एकाच घाण्यात मळलेल्या मातीचे. गेनूचे घर मोकळे झाले होते आणि त्याला ते सारखे सांगावेसे वाटत होते.

"काय दौलूशेट, म्हातारा उठला का अजून पथारीवरच?"

"बसलाय."

"वासानं कळतंच म्हणा. मासळीचा बाजार भरवलायस घरात. राणी नाकाला पदर लावून जाईल तुझ्यावरून."

आजा आतून म्हणाला, "तुझ्या आज्याचाही हाच वास होता, गेन्या. विसरलास होय इतक्यात?"

गेनू हसला. दौलू हसला नाही. त्याला लाज वाटत होती.

हेमंत लागला. रोज सकाळी तळ्याकडून दव येई आणि दवाबरोबर ओल येई. ती मऊ बोलायची. कोणाच्या दाराला तिने कधी धक्का दिला नाही. गेनूच्या दाराशी येऊन ती म्हणाली, "बाहेर गारठा फार आहे हो. जरा टेकू का?"

"या की बाई. जागाच जागा आहे," गेनू म्हणाला. खड्याने दुसरे काय म्हणायचे?

ती प्रत्येक पांढऱ्या घरात गेली आणि प्रत्येक घराने तिला बसवून घेतले. मग ती दौलूकडे आली.

"जागा नाही, बाई," तो म्हणाला. "म्हातारा आहे घरात. सगळ्या खोल्या त्याच्याच अंगाखाली आहेत."

"एखादा कोपरा?"

"कोपराही नाही."

ओल पुढे गेली. दौलूने मान खाली घातली. राज्यात दाराशी आलेल्याला परत पाठवणारा तो पहिला खडा होता. त्याच्या मागच्या सगळ्या रांगेलाही तेच करावे लागले आणि त्याचा बोलही त्यालाच लागला.

पांढऱ्या घरांतून मात्र ओल उठून गेली नाही. तिच्या मनात वाईट नव्हते. तिच्या हाताला चाळा लागे, एवढेच. बसल्या बसल्या ती भिंतींच्या गाठी सोडी. रोज एखादी. घर तसेच दिसे, पांढरे आणि सुबक. चिमटा आठवड्यातून एकदा कोठीत येई, कापडावर नजर फिरवी आणि खूश होऊन जाई.

हेमंताचा एक महिना गेल्यावर आजा म्हणाला, "दौलू, गेन्याच्या भिंतीवर टिचकी मार बरं."

"कशाला?"

"मार तर खरं."

दौलूने टिचकी मारली.

"कसा वाजला?"

"जरा बसका."

"बसका म्हणजे कसा?"

"भद्द. भिजल्या मडक्यासारखा." दौलूने स्वतःवर टिचकी मारून पाहिली. तो खणकन वाजला. त्याने पुन्हा गेनूवर मारली. मग त्याच्या पलीकडच्यावर मारली. तोही तसाच.

"काय चाललंय रे?" गेनू म्हणाला.

"गेनू, त्या ओलीला घालव."

"पाहुणीला घालवू? खड्याच्या जन्माला येऊन?"

"तुझा आवाज बसलाय."

"सर्दी झाली असेल," गेनू म्हणाला आणि आजूबाजूचे पांढरे खडे हसले. पण हसताना त्यांचाही आवाज बसकाच होता. "खरं सांगू का, दौलू? तुझ्या घरी कोणी टेकत नाही, म्हणून तुला दुसऱ्याची पाहुणी खुपते."

कदाचित तसेच असेल, असेही दौलूला वाटले. तेव्हापासून तो दिवसातून दहा वेळा स्वतःवर टिचकी मारून पाहू लागला. खणखणीत आवाज आला तरी त्याचे समाधान होईना. उद्या कसा येईल याची त्याला काळजी लागे. धुके उतरले की तो दारे चाचपी. पांढऱ्यांचे बरोबर असेल तर तो ढिगावर जाणार होता. आज्याचे बरोबर असेल तर गेनू जाणार होता. यातले काय हवे, हे त्याला ठरवता येत नव्हते.

हेमंताच्या शेवटी आठ दिवस कोरडे ऊन पडले. लाकडे वाळली. चिमटा दारात आला.

"शेवटची रांग. चला पटांगणात."

रांगेत पहिला दौलू होता. तो हलला नाही. तो हलला नाही म्हणून मागच्यांना वाट मिळाली नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येतं, कारभारी."

"मग?"

"उंबऱ्यावर देईन निरोप."

चिमट्याने त्याला दोन्ही बाजूंनी धरले आणि दाबले. दौलूच्या अंगात काही मोडले नाही. आत आजा बसला होता.

"उंबऱ्यावर राणीला वेळ असेल का तुझ्या म्हाताऱ्याला बघायला?"

"नसेल तर ढीग आहेच की."

चिमट्याने सगळी रांग कोठीतून उचलली आणि राखेच्या ढिगाशेजारी नेऊन टाकली. वर फुटके झाकण ठेवले. तिथून बुरूज दिसत होता. गवंडी शेवटच्या विटा बसवत होते. आठ-दहा दिवसांचे काम होते.

मागचे खडे कुरकुरू लागले. एकजण म्हणाला, "तुझ्यापायी आम्ही इथं आलो. तुझ्याकडं कारण तरी आहे का काही?"

दौलूकडे कारण नव्हते. त्याने आत तोंड करून रागाने विचारले, "नियम का केला होता, ते तरी सांग."

"मला काय ठाऊक," आजा म्हणाला. "मी बसणारा माणूस. मला बसवलं, मी बसलो."

"मी ढिगावर गेलो म्हणजे?"

"तूही जाशील, मीही जाईन. तुझ्या घरात कोणी एक दिवसही हात धरायचा नाही आणि माझं बसणं फुकट जाईल."

"तुला भीती नाही वाटत?"

"जळायचंय हे मला ओल्या मातीतच सांगितलं होतं. कशासाठी जळायचं, एवढंच तुझ्या हातात राहिलंय."

झाकणाच्या फटीतून दौलू बुरुजाकडे बघत राहिला.

शिशिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी राणी परत आली. बुरूज तळापासून लाल झाला. चिमट्याने कोठी उघडली. पांढऱ्या खड्यांचा पाट बुरुजाकडे निघाला. राणीने तो पाहिला आणि ती खरोखरच खूश झाली. ढिगाजवळून जाताना गेनूने हाक मारली.

"येतो रे दौलू. बस आता राखेत मासळी सुकवत."

"गेनू, सावकाश जा," दौलू म्हणाला. एवढेच त्याला सुचले.

खडे बुरुजात पडले. धग लागताच घराघरांतली ओल एकदम उठली. इतके दिवस मऊ बोलणारी ती आता सगळ्या खोल्यांतून एकाच वेळी अरुंद दारांकडे धावली. भिंतींनी तिला आवरायला हवे होते. पण भिंतींच्या गाठी तिनेच सोडून ठेवल्या होत्या.

बुरुजाच्या तोंडातून पांढरे पीठ उडाले. ते पटांगणावर पडले, कोठीवर पडले, तळ्यावर पडले. चिमट्याने मान वर केली आणि हात जोडले. राणी प्रसाद उधळते आहे, असे त्याला वाटले. पीठ उडतच राहिले. दुपारपर्यंत बुरूज निम्मा रिकामा झाला. तळातून एकटे जीव वर येत होते आणि एकटेच वरून बाहेर जात होते. राणीची ज्योत फडफडू लागली. तिला धरून राहायला पुरेसे खडेच उरले नव्हते.

ढिगावर दौलूच्या अंगावरही ते पीठ पडले. त्यातले गेनूचे कोणते, हे त्याला ओळखता आले नाही. त्याने ते झटकले नाही.

चिमटा ढिगापाशी आला. त्याने झाकण काढले.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?" दौलूने विचारले.

"उंबऱ्यावर."

रांग निघाली. दौलू पुढे होता. वाट पिठाने पांढरी झाली होती आणि तिच्यावरून चालण्याखेरीज इलाज नव्हता. उंबऱ्याच्या दगडावर पोचेपर्यंत धग इतकी वाढली की दौलूच्या भिंती खणखणू लागल्या. ज्योत अजून फडफडत होती. ती किती वेळ टिकेल, हे कोणालाच माहीत नव्हते.

"आजा, आला उंबरा," दौलू म्हणाला.

"दिसतोय."

"काही सांगायचंय?"

"डावीकडची एक भिंत जरा वाकडी आहे तुझी. तू ओला होतास तेव्हा मला शिंक आली होती. तेवढी सांभाळ."

"सांभाळीन."

"मग वाट कसली बघतोस? राणी विझेल ना."

दौलू उंबरा ओलांडून आत पडला. आजा उठला. तो एकेका खोलीतून पेटत गेला आणि घाई केली नाही. तो उठून गेला तशी खोली मोकळी झाली, नेमकी त्याच्या अंगाच्या मापाची. भिंती तापून उभ्या राहिल्या. डावीकडची वाकडी भिंतही उभी राहिली. ओल दाराशी आली होती, पण तापल्या दारातून तिला आत शिरता आले नाही.

मग तळातून दोन एकटे जीव वर आले. ते दौलूच्या दारातून आत गेले. आजा जिथे पाय दुमडून बसत असे तिथे ते थांबले. जागा दोघांपुरतीच होती. त्यांनी एकमेकांचा हात धरला आणि ते जोडीने बाहेर पडले.

साच्याचे देणे फिटले.