बदललं काय?

शिरोलीच्या, यंत्रांत बसणाऱ्या पिनांच्या एका कारखान्यात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. भरलेला ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारतोय, आणि ग्राहक कंपनीचे नवे तपासनीस खर्डेकर साहेब खुर्चीत रेलून बसलेले.

"पिनांची जाडी मोजायच्या त्या मायक्रोमीटरची परीक्षा पुन्हा घ्या. त्याशिवाय ट्रक हलणार नाही."

"अहो, तुम्ही आल्यापासून दर खेपेला घेतलीय, दर खेपेला पास झालाय!" मालक मगदूम काकुळतीला आले.

माल तपासणाऱ्या सुनेत्राबाई पुढे झाल्या. "साहेब, ही परीक्षा पुन्हा कधी घ्यायची असते?"

"काही बदललं की!" साहेब ऐटीत म्हणाले.

"मायक्रोमीटर तोच, मोजणारी माणसं तीच, खोलीही तीच. बदललात फक्त तुम्ही. तेव्हा परीक्षा तुमचीच घेऊ."

सगळे बघत होते. नाही कसं म्हणणार? साहेबांनी मायक्रोमीटर उचलला.

या परीक्षेत कोणती पिन हातात येतेय, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून सुनेत्राबाई पाठ करून ट्रे खडखडवायच्या आणि एकेक पिन द्यायच्या. पहिली साहेबांनी पास केली. दुसरीही पास. तिसरी मोजताना त्यांनी मायक्रोमीटर जोर लावून आवळला. माप कमी आलं तसे ते ओरडले, "नापास! बघा, सांगत नव्हतो?"

सुनेत्राबाईंनी पिन परत घेतली. "साहेब, तिन्ही वेळा हीच दिली होती."

बाहेर हॉर्न वाजला.

"मग साहेब, ट्रक सोडू, की तुमची परीक्षा पुन्हा घेऊ?"