बत्तिसातून शहाण्णव

सहा संचालकांना सहा स्वतंत्र कॉम्प्युटर द्यायचे आणि वर्षभरात एकही नवीन यंत्र घ्यायचं नाही, हे दोन्ही ठराव चिंचखोरे दूध संघाच्या एकाच सभेत मंजूर झाले. दोन्ही मांडले अध्यक्ष अण्णासाहेब इंगवल्यांनी, आणि दोन्हींना टाळ्या पडल्या. घोटाळा लक्षात आला चहाच्या वेळी. पण अण्णासाहेब दिलेला शब्द मागे घेत नसत, आणि दोन दिले असले तर दोन्ही घेत नसत.

संघात दमदार यंत्र एकच, सर्व्हर. मीच विकलेला, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक. मेमरी बत्तीस जीबी. मेमरी म्हणजे कामाचं टेबल, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. टेबल मोठं, तर एका वेळी पसारा जास्त मांडता येतो. दूध संकलन बघणाऱ्या बजरंगतात्यांना त्यांच्या जावयानं सांगितलं होतं, सोळापेक्षा कमी घेऊ नका. तात्यांना सोळा म्हटल्यावर बाकीचे पाच जण बाराला कसे तयार होणार? सोळा सक शहाण्णव.

कॉम्प्युटरची खोली सांभाळायची यशोदा खरमाटे. दोन म्हशींच्या घरातली मुलगी, नोकरी हंगामी, विद्या बरीचशी स्वतःची स्वतः मिळवलेली. अण्णासाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, एकाचे सहा कर. यंत्र फोडायचं नाही, काही विकत आणायचं नाही, आणि आपण वाटून घेतोय असं एकालाही वाटता कामा नये. मुदत सोमवारपर्यंत. जमलं नाही, तर पुण्याची कंपनी येईल आणि तिनं घरी जाऊन म्हशी बघाव्यात.

यशोदानं एवढंच विचारलं, "साहेब, कोण कधी कामाला बसतं, ते दोन दिवस नुसतं बघू का?"

"बघ की. बघायला काय लागतंय?"

तिनं बघितलं. पहाटे संकलन. दूध आलं की लॅबची तपासणी. तपासणी झाली की टँकर सुटायचे. दुपारी पशुखाद्य, कलत्या उन्हात जनावरांच्या डॉक्टरांची नोंदवही, आणि जुन्या नोंदी सांगत होत्या, दूधबिलांची गर्दी दहा दिवसांतून एकदा.

शनिवारी मी एक कीबोर्ड बदलायला गेलो, तेव्हा तिचं काम चालू होतं. सर्व्हरच्या आत तिनं सहा यंत्रं उभी केली होती. लोखंडाची नव्हेत, नुसती आज्ञावलीची. पण त्यातल्या प्रत्येकाला वाटावं, मी अख्खा कॉम्प्युटर आहे आणि माझ्याकडे सोळा आहेत. खोल्याखोल्यांतले जुने डबे आता फक्त खिडकीसारखे, बघण्यापुरते.

मी म्हटलं, "पोरी, मेमरी मी विकतो. बत्तीसच आहे ती."

तिनं समजावलं. सहाही यंत्रांत मूळ प्रणाली एकच, तर तीच पानं सहा वेळा मांडायची कशाला? एकदाच मांडायची, सगळे तिथंच बघतील. ज्यानं एखाद्या पानावर काही खरडलं, त्याला तेवढ्या पानाची वेगळी प्रत. आणि जो गप्प बसलाय, त्याच्या टेबलावरची रिकामी जागा हळूच काढून राबणाऱ्याला द्यायची. त्याचं काम निघालं की परत. एकच माल चार गिऱ्हाइकांना कबूल करायचा आणि आधी येईल त्याला द्यायचा, तीस वर्षं मी दुकानात हेच करत आलोय, फक्त याला विद्या म्हणतात हे माहीत नव्हतं.

सोमवारी नारळ फुटला. सहा खोल्यांत सहा पडद्यांवर सोळा-सोळा दिसले. तात्यांनी पडद्यावर आपल्या खोंडाचा फोटो लावला आणि कॉम्प्युटरला कापडी झूल शिवायला टाकली. तीन दिवस सगळे खूश.

टँकर बघणारे सदाशिवराव मात्र मोजणारे गृहस्थ. ते यशोदाच्या खोलीत डोकावले, तर यंत्र एकच. झालं! अण्णासाहेबांनी सहाही जणांना तिथंच गोळा केलं. कीबोर्डाचे पैसे न्यायला आलेला मी दारातच अडकलो.

"यशोदा, बत्तिसातून शहाण्णव दिलेस म्हणे?"

"कबूल केलेत, साहेब. देते ज्याला जेव्हा लागतील तेव्हा."

"आणि सगळ्यांनी एकदम मागितले तर?"

"तर यंत्र मान टाकेल."

खोलीत कुजबूज झाली. यशोदानं शांतपणे मांडलं, की दूध आल्याशिवाय लॅब तपासणार काय, आणि लॅबनं पास केल्याशिवाय टँकर हलणार कसा? सगळे एकदम मागणारच नाहीत.

"पण मागितले तर?" सदाशिवराव म्हणाले.

अण्णासाहेबांना हट्ट चढायला तेवढं पुरलं. त्यांनी फर्मावलं, सगळ्यांनी आपापल्या खोलीत जायचं, असेल नसेल ते काम उघडायचं, आणि घंटी वाजली की एकदम चालू करायचं. यंत्र बसलं, तर यशोदा मोकळी. तिला ठाऊक होतं की ते बसणार. मलाही होतं.

संचालक उठले, दाराकडे निघाले. अण्णासाहेबांनी घंटी हातात घेतली. यशोदा त्यांच्याजवळ गेली आणि मलाच जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "साहेब, एवीतेवी सगळे एकत्र सापडलेत. घंटीच्या आधी एक विचारून घेऊ का त्यांना?"

"काय?"

"पुढच्या साली उपाध्यक्षपद ज्यांना ज्यांना कबूल झालंय, त्यांनी एकदम हात वर करा, एवढंच."

अध्यक्षांची केबिन आणि कॉम्प्युटरची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, प्लायवूड आहे; तिकडं कुणाला काय कबूल होतं, ते इकडं ऐकू येतं. उपाध्यक्षपद एकच आहे.

 अण्णासाहेबांनी घंटी वाजू नये म्हणून तिच्या आतल्या लोलकाला बोट लावून ती टेबलावर ठेवली, आणि हसायला लागले. खुर्ची धरून, डोळे पुसत हसले. परीक्षा झाली म्हणाले, यंत्र पास. यशोदाची नेमणूक त्याच दिवसापासून कायम केली. वर मला सांगितलं, ठराव यंत्राविरुद्ध आहे, मेमरीविरुद्ध नाही, तर आणखी बत्तीस पाठवून द्या.

सहाही संचालक दारातून मागे वळून विचारत होते, एवढं हसायला काय झालं? अण्णासाहेबांनी एकेकाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तुम्हाला एकट्याला सांगेन."