कात न टाकणारी पोर

पूर्वी चंपानगरीत अंगराज राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीच्या डोहात नाग होऊन जन्मले होते. नाव धवलफण. पुरात वाहून आलेली चार वर्षांची पोर त्यांनी वेटोळ्यात झेलली आणि डोहाखालच्या नागनगरात आणली. पोरीचं नाव सोणी. नागांच्या राज्यात पाण्याखालीही श्वास चालतो, म्हणून ती जगली.

नागांचा रिवाज सरळ होता. परकं लेकरू पहिली कात टाकीपर्यंत पाहुणं. कात टाकली की त्याला मणिकुंडाचं पाणी पाजायचं. ते प्यायलं की लेकरू मागचं सगळं विसरतं आणि कायमचं नाग होतं.

तीन वर्षं गेली. सोणी नागपिलांच्या पाठीवर बसून हिंडे. फुत्कार टाकायला जाई तर शिंकच निघे, आणि अख्खा डोह हसे. पण कात काही येईना. पिलं चिडवत, हिची कातडी शिवूनच टाकलीय. मग ती खडकावर दंड घासून रक्त काढी, आणि बोधिसत्त्व रागावत रागावत शेवाळ लावत. बोधिसत्त्व झाले म्हणून काय, जीव लागायचा तो लागलाच.

एके दिवशी तिचा पुढचा दात पडला. तो तळहातावर घेऊन ती धावत आली. "बाबा, माझी कात."

नागांना कौतुक वाटलं. थोरली आत्या असिता म्हणाली, लहान देहाची लहान कात, त्यात काय, आणा पाणी. वाटी आली. सोणीने ती ओठांशी नेलीसुद्धा.

बोधिसत्त्वांनी नुसतं गप्प बसायचं होतं. पोर जन्माची त्यांची झाली असती. पण त्यांनी शेपटीने वाटी बाजूला सारली.

"ही कात नव्हे," ते म्हणाले. "माणसाच्या पोराचा दुधाचा दात आहे, सगळ्यांचेच पडतात. मी वर उन्हाला जातो, तिथे पाहिलंय. आणि हिची आई रोज काठावर येऊन हिला हाका मारते, तेही ऐकलंय."

सोणीने हळूच विचारलं, आई अजून आहे का? त्यांनी होकाराची मान हलवली.

"झालास मोकळा," आत्या म्हणाली. "आता जा वर आणि खा दगड. नाग दिसला की माणसाचा हात आधी दगडाकडे जातो, धवला."

झालंही तसंच. फण्यावर पोर घेऊन ते काठाला लागले. आईने लेक ओढून घेतली आणि दगड घातला. फणा फुटला. बोधिसत्त्वांनी तो उगारला नाही. सोणी मध्ये पडली आणि म्हणाली, हे माझे बाबा आहेत, तुझ्या हाका यांनीच ऐकल्या.

आईचा हात थांबला. "तीन वर्षं माझ्या हाका ऐकत होतास. तेव्हा का नाही आणलीस?"

"मला ती हवी होती म्हणून," ते म्हणाले.

आईने हातातला दगड खाली टाकला. मग तिने पदराची पट्टी फाडली आणि लेकीला सांगितलं, धर घट्ट, मी बांधते.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, त्या वेळची सोणी म्हणजे आजची भिक्षुणी चित्तला, तिची आई म्हणजे विहाराच्या दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका, आत्या म्हणजे आपली वडीलधारी भिक्षुणी, थेरी असिलोमा, आणि धवलफण नाग मीच होतो. माया सगळ्यांनाच येते. त्या मायेवर पाणी सोडून खरं बोलणं, ती सत्यपारमी, सत्याची परिपूर्णता.