पारड्यातले मूल

फार पूर्वी भद्रवती नगरीत उदयसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांच्या मागे पेढी त्याच्याकडे आली. लोक त्याला शेटजी म्हणत.

त्या नगरीत एक रीत होती. दर पौर्णिमेला आया आपापली लेकरे घेऊन पेढीच्या अंगणात येत. तिथे मोठा तराजू टांगलेला असे. एका पारड्यात मूल बसवायचे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढवायच्या, आणि तेवढा गूळ विकत घेऊन गल्लीत वाटायचा. ज्या घरचे मूल जड, त्या घराचा मान मोठा. त्यामुळे पौर्णिमा जवळ आली की घरोघरी लेकरांना कोंबून खाऊ घालणे सुरू होई. मुले रडत, ओकत, पण घास थांबत नसत. शेटजीचा गूळ मात्र भरपूर खपे.

त्याच नगरीत उत्पला नावाची एक तरुण आई राहत होती. तिचा तिस्स नुकता रांगायला लागला होता. तो घास गालात धरून ठेवी, नाहीतर तोंड घट्ट मिटून घेई. पुढेपुढे तर वाटी दिसली तरी तो रडू लागे. उत्पलाची सासू यशोमती तिला म्हणे, "तुझ्या हातालाच चव नाही गं. तुझ्या थोरल्या जावेची पोरं बघ कशी गरगरीत आहेत! या पौर्णिमेला पारडं खाली गेलं नाही, तर पोर थोरलीकडे द्यायचं. ती वाढवील."

हे ऐकल्यापासून उत्पलाला काही सुचेना. शेवटी ती पेढीवर आली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "शेटजी, पोराच्या पारड्याला खालून थोडं मेण लावता का? कुणाला दिसणार नाही. माझं पोर माझ्याजवळ राहील."

बोधिसत्त्व म्हणाला, "बाई, मेणानं पारडं खाली जाईल. पण पोराचं वाटीला घाबरणं जाईल का? पुढच्या पौर्णिमेला अजून मेण लागेल. आधी मला सांगा, वैद्यांना दाखवलंत?"

"दाखवलं. आजार काही नाही म्हणाले. हसतो, खेळतो."

"तो जेवायला मागतो कधी?"

उत्पला विचारात पडली. मग म्हणाली, "मागायला वेळच कुठं मिळतो त्याला? एक वाटी संपायच्या आत दुसरी तयार असते."

"मग वेळ द्या. मऊ भात पुढ्यात ठेवा आणि तुमचा हात मागे घ्या. तो खाईल तेवढं खाऊ द्या. तोंड फिरवलं की वाटी उचला. रागावू नका, आणि रडूही नका त्याच्यापुढं."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर पुन्हा थोड्या वेळानं ठेवा. भूक लागली की ती गप्प बसत नाही."

उत्पलाने तसे केले. दुपारी तिस्साने भाताकडे पाहिलेसुद्धा नाही. उत्पलाचा हात पुढे जाई, ती मागे घेई. उन्हे उतरली तेव्हा तिस्स आपणहून रांगत वाटीपाशी आला, मुठीने भात उचलला, निम्मा सांडला, निम्मा खाल्ला. मग वाटी ढकलून मांजराच्या मागे गेला. उत्पला तिथेच बसून राहिली. त्या दिवसापासून तो वाटी पाहून रडेनासा झाला.

पण पौर्णिमा आली ती लगेच. अंगणात सगळ्यांसमोर तिस्साचे पारडे वरच राहिले. शेटजीने समोरच्या पारड्यातली एक ढेप उतरवली, तरी ते वरच. यशोमती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बघितलंत? उद्यापासून हे पोर थोरलीकडे!" उत्पलाने लेकराला छातीशी घट्ट धरले.

बोधिसत्त्वाने लाडवांचे ताट मागवले. "आजी, आधी तोंड गोड करा."

यशोमतीने लाडू खाल्ला. चांगला झाला आहे, असेही म्हणाली. त्याने दुसरा दिला. तोही खाल्ला. तिसरा तिने आढेवेढे घेत संपवला. चौथा त्याने थेट तोंडाशी नेला. "एवढा घ्याच. तुमच्या सुनेच्या नावानं."

"नको रे बाबा."

"माझ्या आग्रहाखातर."

"अरे, नको म्हणते ना!" यशोमतीने मान फिरवली आणि पदर तोंडावर धरला.

बायका खुदकन हसल्या. एक जण म्हणाली, "अगंबाई, थेट तिस्सच!"

बोधिसत्त्वाने लाडू खाली ठेवला. "आजी, तोंड का फिरवलंत? लाडवाला चव नाही?"

"पोट भरलं म्हणून!"

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझं पोट मला सांगणार नाही तर कुणाला सांगणार?"

"त्याचंही त्याला सांगतं, आजी. बोलता येत नाही, म्हणून बिचारा मान फिरवतो."

यशोमतीने नातवाच्या गालावरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. पण वाळला तर मी आहेच."

बोधिसत्त्वाने त्याच दिवशी तराजू उतरवला. त्याची बायको म्हणाली, "अहो, एवढा गूळ आता मुंग्यांना घालायचा का?" तो म्हणाला, "मुलांनाच देऊ. ज्याला जेवढा हवा तेवढा." त्या वर्षी पेढीला मोठी खोट आली. पण नगरीतली जेवणे शांतपणे होऊ लागली.

ही कथा भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी विहाराच्या ओट्यावर सांगितली. समोर एक आई बसली होती. भरवून भरवून ती थकली होती, आणि मूल मांडीवर तोंड मिटून होते. शास्ता म्हणाले, "तेव्हाची उत्पला म्हणजे तूच, बाई. भिक्षूंची पात्रे उतू जाईपर्यंत वाढणारी इथली वृद्ध उपासिका तेव्हाची यशोमती. पुरे झाले की पात्रावर तळहात ठेवणारा आपला तरुण भिक्षू तो तिस्स होता. आणि गुळाचा व्यापारी मीच होतो. माया असूनही हात आवरून थांबता येणे, याला क्षांती म्हणतात."

त्या आईने मुलाच्या ओठांशी धरलेला घास परत वाटीत ठेवला.