पोटाशी बूट

“मग बूट कुठं हायत तुझे?”

“बाहेर.”

“बाहेर म्हंजे?”

“तंबूच्या दाराशी. नीट जोडीनं लावलेत, आबा. आमच्या घरी पायातलं उंबऱ्याच्या आत येत नाही.”

 आबा नुसते तंबूच्या तोंडाकडं बघत राहिले. उंबरा शोधत असावेत...

आबा म्हणजे येसबा काळोखे. साताऱ्याकडचे, फौजेतले. अठरा हिवाळे बर्फात काढून निवृत्त झाले, तरी दर जानेवारीत आमच्यासारखी सात-आठ पोरं घेऊन हिमाचलात जायचे आणि देवदारांच्या वर तंबू ठोकायचे. संतबिंत नव्हते. तपकीर ओढायचे, झोपेत पादायचे, एकच गोष्ट चारदा सांगायचे आणि चारही वेळा निराळी सांगायचे. शिवी मात्र नेमकी.

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. हे कळल्यापासून आबांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. ‘इंजिनेर’ म्हणायचे, आणि पोरं हसायची.

माझे वडील हेडमास्तर. निघताना म्हणाले होते, “पंधरा दिवसांत परत येशील. परीक्षेचा फॉर्म भरून ठेवतो.” ठेवलाही. माझी सहीसुद्धा त्यांनीच ठोकली. शाळेत ते सचोटीवर भाषण देत.

मला परत जायचं नव्हतं. आबांनी सांगून ठेवलं होतं, की जी पोरं खिंड ओलांडतील त्यांतला एक जण हंगामभर मदतीला ठेवून घेईन. ती जागा मला हवी होती. दुसरी कुठली जागा मला नव्हतीच.

आणि त्यांचा नियम एकच. खिंडीच्या सकाळी ज्याचे बूट ओले, तो खाली. रड नाही, वाद नाही.

खिंड दुसऱ्या दिवशी होती. त्याच दुपारी पाणी आणताना ओढ्यावरचा बर्फाचा पापुद्रा फुटला होता आणि माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत आत गेले होते.

“आत घे बूट,” आबा म्हणाले.

“तंबूत?”

“झोपायच्या पिशवीत.”

मला हसू फुटलं.

“आबा, अंथरुणात? बूट?”

त्यांनी स्वेटर वर केला. बुटांचं आतलं लोकरी अस्तर काढून त्यांनी बनियनवर, पोटाशी, पंच्यानं बांधलं होतं. दिवसभराच्या घामानं ते ओलं झालेलं. कंदिलाच्या उजेडात त्यातून बारीक वाफ निघत होती. अस्तराविना उरलेले बूट पायांशी, पिशवीच्या तळाला. आणि उशाशी, एका चिंधीत, खंडोबाचा टाक.

“देव उशाशी आणि बूट पोटाशी?”

“देवाला थंडी वाजत न्हाई.”

बुटांच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून असाच.

दिवाळीनंतर आम्हाला साताऱ्याला बोलावलं होतं, बूट निवडायला. निरोप असा, की दिवसभर पायी हिंडा आणि संध्याकाळीच या. का? तर “सकाळचा पाय खोटं बोलतो.” संध्याकाळी पाय सुजतो, तेव्हा त्याचं खरं माप कळतं.

त्यांची पत्र्याची खोली होती. मेण, ओली लोकर आणि तपकीर, तिन्हींचा मिळून एक वास. तिथं एकेकाला खाली बसवायचे. जाडे लोकरी मोजे चढवायला लावायचे. नाडी न बांधता पाय पुढं सरकवायला लावायचे, आणि टाचेमागं आपलं बोट घालून बघायचे. बोट आत गेलं पाहिजे.

“बूट पाय गरम ठेवत न्हाई रं. आतली हवा ठेवती. तिला बसाय जागा नको?”

त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मेणाचा डबा माझ्याकडे आहे. कधीमधी झाकण उघडतो... आणि परत लावतो.

मी काही संध्याकाळपर्यंत थांबलो नव्हतो. सकाळीच पुण्यात घेऊन टाकले होते. पातळ मोज्यांवर, मापात फिट्ट. फोटोत झकास दिसत.

आबांचं बोट माझ्या टाचेपर्यंत आलं... तिथंच अडलं.

“बदलून आण.”

“कंपनीनं लिहिलंय आबा, उणे वीसपर्यंत गरम.”

“कंपनी येनार हाय का वर?”

पोरं हसली. मी बदलले नाहीत. ती हसली म्हणूनच.

आणि आता तंबूत हा माणूस मला तेच बूट कुशीत घ्यायला सांगत होता.

“आमचे वडील म्हणतात,” मी म्हणालो, “पायातली वहाण पायातच बरी.”

“बुटांबद्दल म्हनत्यात?”

“...नाही.”

“मग?”

“माझ्याबद्दल.”

काका जेवायला आले होते. मोठ्यांच्या बोलण्यात मी तोंड घातलं. वडील शांतपणे, भातावर वरण ओढून घेत, ते वाक्य बोलले. काका हसले. आजोबा हसले. दात नसलेल्या माणसाला एवढं हसू कशाचं येतं कोण जाणे. मी ताटावरून उठलो. कॉलेजात पुन्हा गेलो नाही.

आबांनी तपकिरीची डबी उघडली. चिमूट घेतली... तशीच परत डबीत टाकली.

“आत घे बूट,” पुन्हा म्हणाले. या वेळी हळू.

मी घेतले नाहीत.

घरातलं एकही वाक्य मी तेव्हा ऐकत नव्हतो. नेमकं तेवढं एक पाळलं.

सकाळी बूट दाराशी होते तसे होते, जोडीनं, ओंडक्यासारखे कडक. नाडी तारेसारखी उभी. बोटानं ठोकलं तर आवाज आला. पाय घालून पाहिला, निम्म्यावर अडकला. आधीच जागा नव्हती, त्यात बर्फ.

मी धावत स्वयंपाकाच्या तंबूत गेलो आणि एक बूट स्टोव्हवर धरला.

मागून आबांनी तो काढून घेतला.

“आगीनं तळ सुटतो. चामडं मरतं.”

“मग कशानं वितळवू?”



बाहेर बाकीची सहा पोरं पाठीवर पिशव्या घेऊन उभी होती. दोरजे, तिथलाच आमचा वाटाड्या, घाई करत होता. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, मग खिंड जमत नाही.

ती आबांची शेवटची खिंड होती. गुडघे गेले होते. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, सुनेनं नाही म्हटलं होतं, तरी यंदाची एक म्हणून आले होते. दर वर्षी गावच्या ओढ्यातला एक गोटा आणून खिंडीतल्या दगडांच्या राशीवर ठेवायचे. कुणासाठी, ते आम्हाला चारदा सांगितलं होतं. चारही वेळा निराळं.

आबांनी खिशातून गोटा काढला. दोरजेच्या हातात ठेवला.

“माझ्या वतीनं ठेव.”

दोरजे त्यांच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. त्याची ती नजर मला अजून आठवते.

“आबा, तुमचे बूट कोरडे आहेत,” मी म्हणालो.

“हायत की.”

“मग जा ना तुम्ही! नियम माझ्यासाठी आहे.”

“व्हय.”

आणि तंबूत येऊन खाली बसले.

बर्फावरची करकर वर वर गेली... देवदारांच्या पलीकडं... आणि ऐकू येईनाशी झाली.

आबांनी जाकीट उघडलं. स्वेटर वर केला. बनियन वर केलं. माझा गोठलेला बूट उचलला, तळाला चिखल आणि खेचराची लीद धरलेला, आणि तसाच उघड्या पोटावर ठेवून वरून कपडे ओढले.

अंग थरथरलं त्यांचं. एक शिवी दिली. ती मलाच होती.

“आबा, काय करताय? घाण आहे ती.”

त्यांचे दात वाजत होते.

वडीलधाऱ्यांना काय ऐकवायचं हे माझ्याकडे कायम तयार असायचं. तेव्हा काहीच सापडेना. साठी उलटलेला माणूस माझ्या लिदीच्या बुटाला कवळून बसला होता, आणि तंबूच्या तोंडातून त्याला त्याची खिंड दिसत होती.

तास गेला असेल. वर बर्फावर सात काळे ठिपके सरकत होते. आबा त्यांच्याकडं बघत होते. मी आबांकडं.

मग स्वेटरखालून नाडीचं टोक खाली लोंबलं. मऊ पडलेलं. त्यावरून एक थेंब पडला.

“आबा... राहू द्या,” मी म्हणालो. “मी जातो खाली. वडिलांनी फॉर्म भरलाय.”

आबांनी तो थेंब बोटानं टिपला.

“बरोबर असेल त्यांचं. पायातली वहाण...”



आबांनी बूट बाहेर काढला. आत हात घालून नीट चाचपला. टाचेशी बोट नेलं, अडलं, तसंच काढून घेतलं. बूट बाजूला ठेवला. पोटावर तळाची सगळी नक्षी लालभडक उमटली होती.

माझ्याकडं न बघता त्यांनी हात पुढं केला.

“दुसरा दे.”